स्पटरिंगने क्रोम चढवलेल्या पिना: जानेवारीच्या गंजल्या, मेच्या चेपल्या. ऊन नडलं का?

साचेवाला_जळगाव

राम राम मंडळी. जळगाव एमआयडीसीत छोटं टूलरूम चालवतो. ठिबकच्या फिटिंगचे साचे, त्यांची दुरुस्ती, पिना-बुशी, असलं काम. प्रश्न एका ओळीचा आहे पण गोष्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

कोअर पिना, म्हणजे साच्यात प्लास्टिकला भोक ठेवणाऱ्या पिना, दोन मापांच्या आहेत, ८ मिमी आणि ३ मिमी. दोन्ही ईएन३१ पोलादाच्या. हार्डनिंग करून १८० अंशांना टेम्पर (ठिसूळपणा घालवायला पुन्हा तापवणं), कडकपणा ६० एचआरसी, म्हणजे रॉकवेल. ग्राहक म्हणे प्लास्टिक चिकटतं, काहीतरी चढवा. म्हणून बाहेरगावच्या एका कोटिंगवाल्याकडून स्पटरिंगने, म्हणजे व्हॅक्युमच्या चेंबरात क्रोमचे अणू उडवून, २ मायक्रॉन क्रोम करून घेतलं.

पहिली लॉट गेल्या वर्षी जानेवारीतली. पिना आल्या तेव्हा आरशासारख्या. जुलैत साचा मशीनवरून उतरवून रॅकवर ठेवला, पंधरा दिवसांनी बघतो तर ८ मिमीच्या पिनांवर खसखशीएवढे तांबूस ठिपके. नखानं खरवडलं तर ठिपका निघतो, खाली सुईच्या टोकाएवढं भोक. म्हणजे गंज वरून नाही लागला, क्रोमच्या खालून वर आला. गंमत म्हणजे त्याच लॉटच्या, त्याच रॅकवरच्या ३ मिमीच्या पिना एकदम स्वच्छ.

यंदा मेमध्ये दुसरी लॉट करून घेतली. आता उलटं झालं. ८ मिमीच्या उत्तम, ठिपका नाही. ३ मिमीच्या मात्र तीन आठवड्यांत टोकाला चेपल्या. साचा बंद होताना त्यांचं टोक समोरच्या कॅव्हिटीवर टेकतं. टोक चेपलं की भोकात प्लास्टिकचा पापुद्रा येतो, आणि पोरगी बसून ब्लेडनं एकेक पापुद्रा काढून राहिली. भिंगातून पाहिलं तर टोकाजवळ क्रोमला गोल-गोल तडे, उकडलेलं अंडं टेबलावर आपटल्यासारखे.

कोटिंगवाल्याला फोन केला तर म्हणे, "तुमच्या जळगावला ऊन फार, माल टेम्पोत तापला असेल." आता त्या आठवड्यात पारा ४५ ला होता हे खरं. टपरीवरच्या लोखंडी बाकावर बसवत नव्हतं. पण ४५ अंशांनी पोलाद नरम पडतं का भो? कोणाला यातलं कळत असेल तर सांगा. पैसे दोनदा गेले.

जुना_प्लेटिंगवाला (धुळे)

भाऊ, हे व्हॅक्युमचं खूळ सोडा आणि साधं हार्ड क्रोम करा, टाकीत विजेने चढवायचं. टाकीचं पाणी ५५ अंश, त्यात पोलादाला काय होणार? तीस वर्षं करतोय. फक्त पिना कडक असतील तर प्लेटिंग झाल्यावर लगेच भट्टीत १९० ला काही तास ठेवायच्या, नाहीतर हायड्रोजन आत शिरून बसतो आणि पिन एक दिवस काडीसारखी मोडते.

पातळ_थर

मी इथल्या विद्यापीठात पातळ थरांवरच पीएचडी करतेय. उन्हाचा हिशोब कागदावर करून टाकू.

थर चढताना बघायचं ते तापमान नुसतं अंशात बघून उपयोग नाही. चढणाऱ्या धातूच्या द्रवणांकाशी त्याचं गुणोत्तर काढायचं, दोन्ही केल्विनमध्ये (अंश अधिक २७३). १९६९ मध्ये मोव्हचान आणि डेमचिशिन यांनी बाष्पीभवनाने चढवलेल्या जाड थरांचे असे विभाग पाडले, आणि १९७४ मध्ये थॉर्नटनने स्पटरिंगसाठी तोच नकाशा सुधारून त्यात आर्गॉनच्या दाबाचा दुसरा अक्ष घातला. गुणोत्तर साधारण ०.३ च्या बरंच खाली असेल तर थर निमुळत्या खांबांचा होतो आणि खांबांमध्ये फटी राहतात. थोडं वर गेलं की खांब बारीक पण एकमेकांना चिकटून, फट नाही. ०.३ ते ०.५ मध्ये खांब भरदार होतात. त्याच्याही वर कणांची नव्याने मांडणी होते.

आता क्रोम. द्रवणांक १९०७ अंश, म्हणजे २१८० केल्विन. जळगावचे ४५ अंश म्हणजे ३१८ केल्विन, गुणोत्तर ०.१५. हिवाळ्यातले १० अंश धरा, २८३ केल्विन, ०.१३. एवढ्या फरकाने क्रोमला काही कळत नाही. ॲल्युमिनियम असतं तर गोष्ट वेगळी. त्याचा द्रवणांक ६६० अंश, ९३३ केल्विन, तेव्हा ४५ अंशालाच ०.३४ येतं. ॲल्युमिनियमला आपली खोलीसुद्धा गरम असते.

तात्पर्य, टेम्पो निर्दोष. चेंबरमध्ये पिना किती तापल्या ते विचारा.

साचेवाला_जळगाव

ताई, टेम्पोवाल्याला कळवतो, त्यानं माझ्याशी बोलणं सोडलंय. चेंबरचं विचारलं. जानेवारीच्या लॉटला पॅनेलवर १२०, मेच्या लॉटला २५०. आणि एक कबूल करतो. मेमध्ये मीच फोनवर म्हटलं होतं की गंज येतोय, पकड वाढवा, हवं तर जरा गरम करा. तरी २५० म्हणजे काही साडेपाचशे नाही ना.

चेंबरची_किल्ली

भाऊ, मी बी आपलाच, एरंडोलकडला. अकरा वर्षं नाशिकला स्पटरिंगच्या मशीनवर आहे. तुमची पोस्ट वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं, कारण दोन्ही लॉटमध्ये एकच चूक आहे, फक्त दोन टोकांनी झालेली.

आधी जानेवारी. आर्गॉनचे आयन क्रोमच्या पत्र्यावर आपटतात, तिथून क्रोमचे अणू सुटतात आणि पिनवर येऊन बसतात. बसल्यावर अणूला थोडं सरकायला मिळालं तर तो खड्डा शोधून तिथे जातो. पिन थंड असेल तर जिथे पडला तिथेच मेला. सुरत-भुसावळ पॅसेंजर डोळ्यांसमोर आणा. अमळनेरला चढलेला माणूस दारातच उभा राहतो. आत बाकं रिकामी, पण हा हलत नाही. त्याच्या खांद्याआड दुसरा, त्याच्या पिशवीआड तिसरा. दाराशी माणसांचे खांब आणि डब्याच्या मध्ये पोकळी. थंड पिनवरचा क्रोम असाच चढतो. वरून चकाकतो, कारण २ मायक्रॉनच्या थरातली फट डोळ्याला दिसत नाही. पाण्याला दिसते. जुलैची हवा त्या फटीतून पोलादापर्यंत पोहोचली, आणि पोलादापुढे क्रोम वरच्या जातीचा, त्यामुळे गंजायची पाळी पोलादाची.

मग त्याच चेंबरमधल्या ३ मिमीच्या पिना का वाचल्या? चेंबरात हवा नसते. भाकरीला तव्याची धग लागते तशी धग तिथे पिनला कुठून लागणार? फिक्श्चरला, म्हणजे पिना धरणाऱ्या सांगाड्याला, टेकते तेवढ्या ठिपक्यातून जेमतेम. बाकी सगळं किरणांनी, उन्हासारखं. त्यातून तुम्ही पिना बफिंग करून चकचकीत केलेल्या, त्या किरणं परत फेकतात. उष्णता घ्यायचं काम पृष्ठभागाचं, तापायचं काम वजनाचं. ८ मिमीच्या गोल पिनला तेवढंच तापायला ३ मिमीच्या पिनपेक्षा पावणेतीन पट वेळ लागतो. ऑपरेटरने पॅनेलवर १२० बघितले आणि क्रोम सुरू केला. बारीक पिना तोवर तापल्या होत्या, जाड्या अजून झोपेत होत्या.

आता मे. पॅनेलवरचा आकडा म्हणजे थर्मोकपलच्या टोकाचं तापमान. ते टोक चेंबरात एका जागी लटकत असतं. पिना फिरत असतात, त्यांना कोण थर्मोकपल लावणार? वर बायस असतो, म्हणजे पिनांना ऋण व्होल्टेज देऊन आयन त्यांच्याकडे ओढून घेतात. त्या माऱ्यानेही पिन तापते, आणि बारीक टोकावर विद्युतक्षेत्र एकवटतं म्हणून तिथे मारा सगळ्यात जास्त. पॅनेल २५० म्हणत असताना ३ मिमीच्या पिनचं टोक तीनशेच्या वर गेलं असेल तर मला आश्चर्य नाही. तुमचं टेम्परिंग १८० चं. त्याच्या वर ईएन३१ जितकं जाईल तितकं नरम पडत जाणार, भट्टीत काय आणि चेंबरात काय. क्रोम छान बसला, पण गादीवर फरशी बसवल्यासारखा. खालचं दबलं की वरचं तडकणार.

याचा पुरावा दिसत नाही, हीच यातली खोच. हवेत पोलाद २३० ला गवती पिवळं होतं, तीनशेला निळं, लगेच कळतं. व्हॅक्युममध्ये ऑक्सिजनच नाही, रंग येणार कुठून? पिन सव्वातीनशेपर्यंत जाऊन येते आणि पांढरी शुभ्र बाहेर पडते. मला हे कसं कळलं ते सांगतो. नवीन होतो, शिफ्ट संपवायची घाई होती. थंड व्हायची वाट न बघता अडीचशेच्या पुढेमागे चेंबरात हवा सोडली. दार उघडलं तर प्लेटांच्या कोट न झालेल्या पाठी सगळ्या फिक्या पिवळ्या. सुपरवायझर काही बोलला नाही, एक प्लेट उचलून माझ्या डब्याशेजारी ठेवून गेला. तेव्हापासून शंभरच्या खाली आल्याशिवाय मी हवा सोडत नाही.

तुम्ही एक करा. मेच्या लॉटमधली एक ३ मिमीची आणि एक ८ मिमीची पिन कापून रेझिनमध्ये बसवा, पॉलिश करा आणि आतल्या पोलादाची विकर्स (कडकपणाचं दुसरं माप) घ्या. गोल पृष्ठावर थेट रॉकवेल मारू नका, आकडा खोटा कमी येतो. रेझिन थंड जमणारं वापरा, नाहीतर मोजायच्या आधीच पुन्हा तापवाल. आणि कापताना पाणी भरपूर.

भुसावळ_जंक्शन

कोटिंगमधलं कळत नाही, पण ऊन अगदीच निर्दोष म्हणू नका. मी चिलर दुरुस्त करतो. एका व्हॅक्युमवाल्याकडे मेमध्ये दरवर्षी बोलावणं असतं. पंपाला आणि टार्गेटला (ज्या पत्र्यातून धातू सुटतो त्याला) थंड पाणी लागतं. ४६ अंशात बाहेर ठेवलेला चिलर उष्णता फेकणार कुठे? ट्रिप होतो. त्यात आमच्याकडचं बोअरचं पाणी जड, पाइपात आतून पांढरी पुटं चढतात. पाणी वाहतंय असं दिसतं, थंडावा पोहोचत नाही.

चेंबरची_किल्ली

हे मात्र शंभर टक्के बरोबर. टार्गेटच्या मागे चुंबक असतात, ते तापले की ताकद सोडतात. डिफ्युजन पंपाला पाणी कमी पडलं तर तेलाची वाफ उलटी चेंबरात येते, आणि तेलावर क्रोम धरत नाही. पावसाळ्यात वेगळा त्रास. दार उघडं राहिलं की भिंतींना बाष्प चिकटतं, मग व्हॅक्युम यायला दुप्पट वेळ आणि थरात ऑक्सिजन. पण यातल्या कशानेही पिन नरम पडत नाही.

प्लेटिंगवाले काका, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण तुमची १९० ची भट्टी यांच्या १८० च्या टेम्परिंगच्या वर जाते. फरक थोडा आहे, तरी यांना आधी सांगायला हवं.

जुना_प्लेटिंगवाला (धुळे)

मुद्दा बरोबर आहे. आम्ही टेम्परिंग विचारून घेतो. न विचारणारे बी आहेत.

साचेवाला_जळगाव

आलो. चार दिवस गेले. कॉलेजच्या लॅबमध्ये एक ओळखीचे सर आहेत, त्यांच्याकडून मोजून घेतलं. एक जुनी, कोट न केलेली पिन बी सोबत दिली होती.

कोट न केलेली ७०० विकर्स. मेची ८ मिमी, ६७०. मेची ३ मिमी, मध्यावर ६००, टोकाशी ५७०. सर म्हणाले ७०० म्हणजे ६० एचआरसी, ५७० म्हणजे ५४ च्या आत. टेबलात तो आकडा साडेतीनशेच्या टेम्परिंगशी जुळतो.

म्हणजे भाऊ, पॅनेल २५०, जाडी पिन त्याच्या आसपास नाहीतर थोडी खालीच, आणि बारकीचं टोक शंभर अंश वर. एकाच चेंबरात, एकाच दिवशी. मी तिथे असतो तरी कळलं नसतं.

जानेवारीच्या एका ८ मिमी पिनचा काप बी सरांनी भिंगाखाली दाखवला. गंजाच्या ठिपक्याखाली पोलादात छोटी खळी, आणि वर क्रोमची कड तशीच अधांतरी. क्रोमला काही झालं नव्हतं. तो बिचारा चकाकत होता.

आता पुढची लॉट करायचीच आहे, ग्राहक सोडत नाही. कमी तापवलं तर फट, जास्त तापवलं तर नरम. मधला आकडा कोणता?

पातळ_थर

ईएन३१ साठी मधला आकडा शोधूच नका. १५० अंश म्हणजे ४२३ केल्विन, क्रोमसाठी ०.१९. नुसत्या उष्णतेने घट्ट थर यायला हे पुरेसं नाही. म्हणून थॉर्नटनचा दुसरा अक्ष वापरायचा. आर्गॉनचा दाब कमी केला की वाटेत टकरा कमी होतात आणि अणू जोरात येऊन आदळतात. त्यात बायसने आयनांचा माराही मिळतो. ऊब कमी पडते तिथे धक्का द्यायचा.

धक्का जास्त झाला तर थर दाबाखाली येतो, हे मात्र लक्षात ठेवा. गरम चढवलेल्या थरातही तेच होतं. पोलाद दर अंशाला मीटरमागे १२ मायक्रॉन आखडतं, क्रोम साधारण ६. म्हणजे ३०० अंश खाली येताना मीटरभर पोलाद ३.६ मिलिमीटर आखडू पाहतं आणि क्रोमला १.८ च आखडायचंय. बिचाऱ्याला जागा पुरत नाही. थंड चढवलेल्या क्रोमला मुळातच ताण असतो, त्यामुळे थोडा दाब आला तर उलट फिटंफाट होते. अति झाला की कडेपासून उचलतो.

भुसावळ_जंक्शन

हे आम्हाला कळतं. मेमध्ये रूळ असाच बाजूला फुगतो. लांब व्हायचंय आणि जागा नाही.

चेंबरची_किल्ली

अगदी. फक्त इथे रूळ लांब होत नाही, खालची जमीन आखडते.

साचेवाले, माझा सल्ला असा. ३ मिमीच्या पिनांचं पोलादच बदला. एम२ हायस्पीडच्या गोल कांड्या घ्या. त्याचं टेम्परिंगच साडेपाचशेच्या आसपास, तीन वेळा. मग चेंबरात ३५० होऊ दे नाहीतर ४०० होऊ दे, त्याला फरक पडत नाही आणि क्रोम मस्त घट्ट बसतो. कांडी महाग पडेल, पण ३ मिमीच्या पिनमध्ये पोलाद असतं किती? डी२ ही चालेल, पण हीट ट्रीटमेंटवाल्याला ५०० च्या वरचं टेम्परिंग सांगा. तो सवयीने २०० ला करून देईल, कडकपणा ६० दाखवेल, आणि तुम्ही पुन्हा इथे पोस्ट टाकाल.

८ मिमीच्या ईएन३१ मध्येच ठेवायच्या असतील तर त्यांची लॉट वेगळी लावायला सांगा. बारीक आणि जाड एका फिक्श्चरवर नको म्हणजे नको. त्यांना आधी सावकाश तापवायचं, पिन १५० च्या वर जाऊ द्यायची नाही, बायस मध्येमध्ये थांबवून द्यायचा. वेळ जास्त लागेल, कोटिंगवाला कुरकुर करेल.

आणि ऑर्डरवर काय लिहिलं होतं तुम्ही?

साचेवाला_जळगाव

"क्रोम, २ मायक्रॉन, पकड चांगली." बस.

चेंबरची_किल्ली

पोलाद कोणतं, टेम्परिंग किती, हे नाहीच. त्यानेही विचारलं नाही, ती त्याची चूक. आता लिहा: "ईएन३१, टेम्परिंग १८० अंश, पिनचं तापमान १५० च्या वर नको." आणि प्रत्येक लॉटसोबत त्याच मापाच्या, त्याच भट्टीतून आलेल्या दोन फालतू पिना द्या, पिनांच्या मधोमध लावायला सांगा. परत आल्या की त्याच कापायच्या. पॅनेलने काहीही सांगू दे, त्या खोटं बोलणार नाहीत.

साचेवाला_जळगाव

लिहिलं. कोटिंगवाल्याला परत फोन केला, ५७० चा आकडा सांगितला. जरा वेळ गप्प होता. मग म्हणे, "पुढची लॉट अर्ध्या भावात करून देतो, पण फिक्श्चर वेगळं लावायचं तर दिवस वाढेल." वाढू द्या म्हटलं.

एम२ च्या कांड्या आज सांगितल्या. फालतू पिनांची डोकी आम्ही टॉर्चनं नरम करतो, त्यामुळे कापायची कुठून हा प्रश्न आहे.

चेंबरची_किल्ली

टोकापासून १० मिमी आणि मध्यावर. डोक्याकडून मोजलंत तर नसतं भांडण लागेल. आणि जळगावला आलो की शेवभाजी तुमच्याकडे.